जर्सी खुंटीला टांगू नका

गेले दोन शनिवार रिलीजच्या गडबडीत गेले, त्यामुळे लिहिणं राहून गेलं. आज मात्र ठरवून बसलोय, कारण विषय बरेच दिवस डोक्यात खदखदतोय. खेळाडू निवृत्त झाला की त्याच्याबरोबर त्याच्या जर्सीचा नंबरही निवृत्त करायचा, ही जी टूम आपल्याकडे निघाली आहे ती मला साफ नामंजूर आहे. क्रिकेटमध्ये सचिनचा १० गेला, धोनीचा ७ गेला. हॉकीत २०२४ साली श्रीजेशचा १६ आणि राणी रामपालचा २८ गेला. दर वेळी आपण डोळे पुसत टाळ्या वाजवतो. मी वाजवणार नाही. का, ते सांगतो. सचिनभक्तांनी आधी घोटभर पाणी प्यावं आणि मगच पुढे वाचावं :-)

(मीही सचिनभक्तच आहे हो. घरी लाईट गेली की शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर मॅच बघितलेल्या पिढीतला आहे. म्हणूनच बोलायचा हक्क आहे असं समजतो.)

आधी हा नंबर येतो कुठून ते बघू. क्रिकेटच्या वर्ल्डकपमध्ये पाठीवर नंबर आले ते १९९९ साली. त्याआधी १९९२ मध्ये रंगीत कपडे आले होते, पण पाठीवर नुसतं नाव. १९९९ ला साधा नियम केला: कप्तानाला १ आणि बाकीच्यांना २ ते १५. (दक्षिण आफ्रिकेच्या क्रोनिएने मात्र आपला ५ सोडला नाही आणि १ नंबर कर्स्टनच्या पाठीवर गेला. ते असो.) सचिनला मिळाला १०. 'टेन'-डुलकर म्हणून १० असा एक शाळकरी विनोदही तेव्हापासून फिरतोय. मधल्या काळात त्याच्या पाठीवर ३३ आणि ९९ सुद्धा दिसले. म्हणजे खुद्द मालकानेच घर दोनदा बदललं होतं!

आता कसोटी. कसोटीत पाठीवर नंबर आले ऑगस्ट २०१९ मध्ये, ॲशेसपासून. सचिन निवृत्त झाला नोव्हेंबर २०१३ मध्ये. म्हणजे २०० कसोटी सामने आणि त्यातली ५१ शतकं यापैकी एकाही वेळी त्याच्या पाठीवर १० नव्हता. वानखेडेवरचं ते शेवटचं भाषण आठवा, ज्यात आख्खा देश रडला. पाठ कोरी. मग आपण नेमकं काय जपतोय? गावसकरची ३४ कसोटी शतकं कुठल्या नंबराची होती? धनराज पिल्ले, आपल्या खडकीचा, चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्डकप खेळलेला, १९९८ ला बँकॉकमध्ये ३२ वर्षांनी एशियाडचं सोनं आणणारा कप्तान. त्याचं नाव घेतलं की उडणारे केस आठवतात, तो धावायला लागला की प्रतिस्पर्ध्यांची होणारी पळापळ आठवते. नंबर कुणाच्या तोंडी येतो का? नाही येत. आणि त्यानं धनराज तसूभरही कमी होत नाही.

मग शार्दूलचं प्रकरण झालं. ३१ ऑगस्ट २०१७, कोलंबो. पालघरचा शार्दूल ठाकूर पहिला वनडे खेळायला उतरला आणि पाठीवर १०. नियमानं तो नंबर मोकळा होता, बोर्डानं दिला, यानं घातला. त्याचं कारण तरी किती निरागस! जन्मतारीख १६-१०-१९९१, सगळ्या आकड्यांची बेरीज २८, दोन आणि आठ दहा. अंकशास्त्रावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण बेरीज बरोबर आहे, तपासून पाहिली. त्या पोरावर लोक असे तुटून पडले की जणू त्यानं देवळातून मूर्ती पळवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बातमी आली की बोर्डानं १० नंबर गुपचूप बाजूला ठेवलाय. अधिकृत ठराव वगैरे काही नाही, उगाच वाद नको म्हणून. म्हणजे सन्मानबिन्मान नंतरचा, आधी झुंडीला घाबरून घेतलेला निर्णय. शार्दूल पुढे ५४ घालून खेळला. जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या गाबावर पहिल्या डावात ६७ धावा, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची भागी आणि सामन्यात सात बळी. ती कसोटी ज्यांनी पहाटे उठून पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. पाठीवर १० असता तर सचिनचं काय बिघडलं असतं? उलट त्या १० ला गाबाचा एक किस्सा जोडला गेला असता.

आता थोडं आमच्या धंद्यातलं बोलतो, कारण मला हा सगळा गोंधळ डेटाबेस डिझाइनमधल्या चुकीसारखा वाटतो.

दोन प्रकारचे नंबर असतात. एक, जो एकाच माणसाचा असतो आणि पुन्हा कुणालाही मिळत नाही. आम्ही त्याला प्रायमरी की म्हणतो. दुसरा, जो वापरायला मिळतो आणि काम झालं की परत करायचा असतो. ऑफिसातलं लॉकर, पार्किंगचा स्लॉट, नेटवर्कवरचा आयपी ॲड्रेस. शाळेतला हजेरी क्रमांक बघा. आठवीत तुम्ही २३ नंबर होता, पुढच्या वर्षी त्याच वर्गात दुसरा कुणीतरी २३ होतो. त्यानं तुमची आठवी पुसली जात नाही.

क्रिकेटकडे पहिल्या प्रकारचा नंबर आधीपासूनच आहे! कसोटी कॅपचा क्रमांक. देशाकडून तुम्ही कितवे कसोटीपटू, तो आकडा, आणि तो मरेपर्यंत आणि मेल्यानंतरही तुमचाच. सचिनचा १८७. गावसकरचा १२८. शार्दूलचा २९४. हे आकडे कुणी कुणाकडून काढून घेऊ शकत नाही. १९३२ ला लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळलेल्या अकरांना ते आडनाव-नावाच्या अक्षरानुसार दिले आहेत. त्यात ६ नंबरला जनार्दन नवले येतात, पुण्याकडचे, भारताकडून कसोटीतला अगदी पहिला चेंडू खेळलेले. ७ नंबरला पहिले कप्तान सी. के. नायडू, जन्म नागपूरचा. आणि १० नंबरला फिरोझ पालिया. सातवा नंबर धोनीचा असं ओरडणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की भारताचा कायमचा, अढळ, कुणालाही न मिळणारा ७ हा नायडूंचा आहे?

तर अमर व्हायची सोय तिथे आहे. जर्सीचा नंबर हा मात्र लॉकर आहे. लॉकरला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकायची, याला आम्ही मेमरी लीक म्हणतो. जागा घेतली, वापर संपला, परत केली नाही. एक-दोन वेळा चालून जातं. मग एक दिवस सिस्टिम बसते.

बसते म्हणजे कशी, ते बघायचं तर अमेरिकेत जा. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीज म्हणून संघ आहे. १९२९ ला त्यांनी पाठीवर नंबर टाकले ते फलंदाजीच्या क्रमानं. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४. इतका साधा हिशोब. पुढे एकेक महान खेळाडू झाला आणि एकेक नंबर भिंतीवर गेला. २०१७ ला जीटरचा २ गेला आणि १ ते ९ मधला एकही आकडा उरला नाही. आता यांकीजच्या पोराला एक आकडी नंबर हवा असेल तर शून्य. अक्षरशः शून्य, आणि तो घालून लोक खेळलेत सुद्धा.

पण त्याच यादीत एक गंमत लपलेली आहे. त्यांचा ८ नंबर दोघांच्या नावे बंद आहे. बिल डिकी आणि योगी बेरा, दोघेही कॅचर. डिकी १९४६ ला थांबला. नंबर तेव्हा कुणी टांगला नाही, म्हणून १९४८ पासून तो बेराला मिळाला. १९७२ मध्ये दोघांच्या नावानं एकदम बंद केला. डिकी थांबल्याबरोबर त्यांनी आपल्यासारखी घाई केली असती तर? आठ नंबरचा सगळ्यात गाजलेला माणूस आठ नंबर घालूच शकला नसता. मला पुढे एकही उदाहरण दिलं नाही तरी चालेल, एवढं एक पुरे आहे.

तरी देतोच. ही प्रथा जिथून वाढली त्या बर्फावरच्या हॉकीचं. डिसेंबर १९३३ मध्ये बोस्टनला टोरंटोचा एस बेली नावाचा खेळाडू एडी शोरच्या धडकेनं डोक्यावर आपटला. मरता मरता वाचला, पण पुन्हा खेळू शकला नाही. १४ फेब्रुवारी १९३४ ला त्याच्या मदतीसाठी सामना भरवला. बेलीनं सगळ्यांसमोर शोरशी हात मिळवला आणि त्याचा ६ नंबर यापुढे कुणाला देणार नाही असं टोरंटोनं जाहीर केलं. त्या लीगमधला हा पहिला निवृत्त नंबर. म्हणजे बघा, मुळात ही महानतेची पावती नव्हतीच. एका जायबंदी माणसाला दिलेला आधार होता. आणि पुढे काय झालं? १९६८ साली खुद्द बेलीनं रॉन एलिस नावाच्या तरुण खेळाडूला बोलावून सांगितलं, माझा सहा नंबर तू घाल. ज्याच्यासाठी नंबर पहिल्यांदा टांगला, त्यानंच तो खुंटीवरून काढून दिला! टोरंटोनं नंतर बरीच वर्षं शहाणपणा केला. मोठ्या खेळाडूंचे नंबर छतावर फडकवायचे, पण वापरातही ठेवायचे. २०१६ ला शंभरीच्या उत्साहात त्यांचीही बुद्धी फिरली आणि सगळे बंद केले.

फुटबॉलवाल्यांचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. १९५८ च्या वर्ल्डकपला ब्राझीलनं नंबरच कळवले नव्हते, ते दुसऱ्याच कुणीतरी वाटले असं सांगतात. खरं असावं, कारण त्यांचा गोलकीपर ३ घालून खेळला. त्या वाटणीत १७ वर्षांच्या पेलेच्या वाट्याला १० आला. आज जगात दहा नंबरला जो मान आहे तो त्या सोडतीतून आलेला. पुढे मॅराडोना झाला आणि २००२ च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनानं १० वगळून यादी पाठवली, म्हणे हा आता कुणालाच नाही. फिफानं यादी परत पाठवली. नंबर १ ते २३ सलग हवेत, भावना घरी ठेवा. मग १० ओर्तेगानं घातला. त्यानं काही दिवे लावले नाहीत, अर्जेंटिना पहिल्याच फेरीत घरी आली. पण नंबर जिवंत राहिला. आणि २०२२ ला कतारमध्ये कप उचलला तेव्हा मेस्सीच्या पाठीवर कितवा होता? त्या फिफाच्या कारकुनाचे अर्जेंटिनानं पाय धरायला पाहिजेत. नियमावर बोट ठेवून त्यानं एका देशाला त्याच्याच भक्तीपासून वाचवलं.

पाकिस्तानकडे बघा. शाहिद आफ्रिदीचा १० नंबर शाहीन आफ्रिदी घालतो. आधी त्याच्याकडे ४० होता. आता तो सासऱ्याचाच नंबर जावयाकडे गेला, त्यामुळे घराणेशाहीचा आरोप करता येईल :-) पण वापरात आहे ना!

आपल्याकडे मात्र देव्हारा. यालाही माझं एक उत्तर आहे आणि ते आपल्याच मातीतलं आहे. माझं गाव पुसेगाव. (सातारचं, सेवागिरी महाराजांचं नव्हे. दर वेळी सांगावं लागतं. आमचं सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. संत नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यात.) आमच्याकडे सप्ता बसतो तेव्हा वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याला माणसं नेमलेली असतात. एकाचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, पाया पडतो आणि घरी जाऊन झोपतो. एखादा म्हातारा चाळीस वर्षं पहाटेच्या पहाऱ्याला उभा राहिला आणि मग गेला. तर काय करतात? वीणा त्याच्या फोटोशेजारी टांगतात का? पुढच्या सप्त्याला त्याच पहाऱ्याला त्याचा नातू उभा असतो, नाहीतर शेजारचा कुणी. वारीत दिंडीला नंबर असतो, तोही दिंडीचा, माणसाचा नाही. सातशे वर्षांची परंपरा टिकवायची कला ज्यांना येते, त्यांना क्रिकेट बोर्डाच्या खुंटीची काय गरज?

आणि हे फक्त वरच्या लोकांचं राहिलेलं नाही म्हणून माझा जीव जळतो. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालं की आमच्याकडे टेनिस बॉलच्या टूर्नामेंटा सुरू होतात. मागच्या खेपेला पोरांनी नवीन टी-शर्टचा सेट करायला घेतला. छपाई हिंगोलीला, पैसे एका भावी लोकप्रतिनिधीचे, त्यामुळे छातीवर त्यांचा फोटो आणि १ नंबर त्यांच्या भाच्याला. ठीक आहे, लोकशाही आहे. नंबरांची यादी माझ्याकडे व्हॉट्सॲपवर आली. १, २, ३, ४, ५, ६, ८, ९, ११, १२, १३, १४. मी फोन लावला, म्हटलं सात आणि दहा कुठे गेले?

"दादा, ते रिटायर झालेत की."

"कुणी केले?"

"बोर्डानं."

"पुसेगावचा बोर्ड कुठला रे? बसस्टँडवर पाटी आहे तेवढाच ना?"

पोरगं हसलं, पण यादी बदलेना. माझ्याच चुलतभावाला, नववीत आहे, डावखुरा आहे, आडव्या बॅटनं मारतो, त्याला १० हवा होता. त्याला सगळ्यांनी मिळून ऐकवलं, "काय लेका, तू सचिन लागून गेलास का?" त्यानं गुमान ११ घेतला. मला विचाराल तर सगळा मुद्दा इथे आहे. नंबर बंद करणारे म्हणतात, आम्ही सचिनचा मान राखतो. चौदा वर्षांच्या पोराच्या कानावर मात्र वेगळंच पडतं: ती जागा भरली, तू विचारूसुद्धा नकोस. आमच्या पिढीनं गल्लीत १० वरून मारामाऱ्या केल्या. ती मारामारी म्हणजेच सचिनचा मान होता.

बरं, याच गावात जुन्या सेटचं काय झालं ते सांगतो. आमच्या लहानपणी एकच सेट होता, घट्ट विणीचा, निळा, उन्हात गरम होणारा. माणसं बदलली, शर्ट तेच. त्यामुळे प्रत्येक नंबराला वंशावळ होती. आठ नंबर आधी वरच्या गल्लीतल्या एका लाईनमनकडे होता. तो खांबावर चढावा तसा कॅचला चढायचा. तो बदली होऊन गेला, मग आठ आला एका रसवंतीवाल्याकडे, ज्यानं शेवटच्या ओव्हरला एकोणीस काढले होते. मग शर्टाची उजवी बाही फाटली आणि तो माझ्या थोरल्या भावाकडे आला. भावानं काहीही केलं नाही, पण "आठ नंबर आहे, बघून टाक" अशी समोरच्या गावात दहशत होती! ती त्या दोघांची कमाई होती आणि ती माझ्या भावानं दोन मोसम फुकट खाल्ली. चार नंबरचं उलटं. तो ज्याच्या अंगावर जाई तो पहिल्या बॉलला जाई. शेवटी एकानं मुद्दाम चार मागून घेतला आणि फायनलला पन्नास काढले. पुसेगावच्या आठ नंबरचा सर्वश्रेष्ठ कोण, यावर आजही पारावर तासभर भांडण होऊ शकतं. लाईनमन का रसवंती? भांडायला दोघं तरी लागतात हो. नंबर पहिल्यालाच बंद केला असता तर कशावर भांडलो असतो?

आता श्रीजेशकडे येतो, कारण तिथला निर्णय मला सगळ्यात विचित्र वाटतो. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्पेनला २-१ हरवून आपण ब्राँझ घेतलं आणि श्रीजेशनं निरोप घेतला. टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन पदकं. गोलपोस्टवर चढून बसलेला तो फोटो कोण विसरेल? आठवड्याच्या आत हॉकी इंडियानं सांगितलं की सीनियर संघातला १६ नंबर बंद. पण ज्युनियर संघात मात्र चालू! म्हणजे ज्युनियरला पोरगं १६ घालून गोल वाचवायला शिकणार, देशासाठी तयार होणार, आणि सीनियर संघात निवड झाली त्या दिवशी त्याला सांगणार, शाब्बास, आता तो काढ. बढती मिळाली की ओळखपत्र जप्त. श्रीजेश निवृत्तीनंतर ज्युनियरचाच कोच झाला. त्याच्याइतका योग्य माणूस नाही. त्यानं चांगला गोली निवडावा आणि एस बेलीसारखं आपल्या हातानं त्याच्या अंगावर सीनियरचा १६ चढवावा. त्या फोटोसाठी मी पैसे देऊन मासिक विकत घेईन.

"पण नंबर काय कमी आहेत का?" हा प्रश्न मित्रानं विचारला. कमी पडतात, पटकन पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये धोनीच्या ७ ची बातमी आली तेव्हाच बाहेर आलं की साठेक नंबर चालू आणि दावेदार खेळाडूंच्या नावावर अडकलेले आहेत. यशस्वी जैस्वालला १९ हवा होता, तो दिनेश कार्तिककडे होता, म्हणून ६४ घेतला. शुभमन गिलला लहान असताना ७ मिळाला नाही म्हणून ७७ केला. म्हणजे लोकांना जुने नंबर हवे असतात, तोडून-मोडून का होईना घ्यायचे असतात. ही ओढ चांगली आहे.

एक अपवाद मी मानतो. फिल ह्यूज. नोव्हेंबर २०१४ मध्ये चेंडू लागून गेला तो, पंचविशीत. ऑस्ट्रेलियानं त्याचा वनडेतला ६४ बंद केला. तिथे मी वाद घालत नाही, हात जोडतो. ज्याचा डाव अर्धवट राहिला त्याची खुंटी वेगळी. सचिन आणि धोनीचा डाव पुरा झालाय, भरभरून झालाय.

तर आता माझी यादी. प्रत्येक नंबराचा सर्वश्रेष्ठ भारतीय, आजच्या तारखेला. १९ राहुल द्रविड. इंदूरला जन्मलेला आपला माणूस, कार्तिकनं रागावू नये. ३४ श्रीरामपूरचा झहीर, २०११ च्या वर्ल्डकपला २१ बळी. १२ युवराज, तोच वर्ल्डकप. ४५ रोहित, ईडनवर २६४ काढल्यावर वाद कसला घालता. ५४ शार्दूल, गाबासाठी. ९९ अश्विन. ७ धोनी आणि १० सचिन, अर्थात. आणि पुढे कुणी झालाच तर यादी दुरुस्त करायची माझी तयारी आहे. १८ वर मात्र आमच्या फ्लॅटवर दोन गट पडलेत. विराट की आमची सांगलीची स्मृती मानधना? विराटचे आकडे माहीत आहेत, पण २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकणाऱ्या संघातली सलामीची १८ नंबरची जर्सी डोळ्यांसमोरून हलत नाही. दोघांनी एकाच वेळी एकच नंबर घातला आणि दोघांचंही काही कमी झालं नाही, हे बोर्डाच्या नजरेतून कसं सुटलं कुणास ठाऊक.

सेहवागला कुठल्या रकान्यात टाकू ते कळत नाही, कारण त्यानं पुढे पुढे नंबरच काढून टाकला होता. त्याच्यासाठी रकाना कोरा सोडलाय. आणि बंगळुरूवाल्यांनी २०२३ ला डिव्हिलियर्सच्या १७ बरोबर गेलचा ३३३ सुद्धा निवृत्त केला. ३३३! तो मागायला रांग लागली होती जणू.